पहारेकरी जेवला का? टेबलावरचा खेळ ऑनलाइन नेतानाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून ही वही. आमचा टेबलावरचा खेळ ऑनलाइन कुठे न्यायचा, याचा पाडव्यापर्यंत निकाल देते, असं अण्णांना कबूल केलंय.

सहा वर्षं झाली, आम्ही पाच जण सोलापुरात पूर्व भागात अण्णांच्या घरी, माडीवरच्या खोलीत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो: प्रत्येकाचं एक पात्र आणि फाशांवर पुढे सरकणारी गोष्ट. अण्णा डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारे आणि निवाडा करणारे पंच. वहिनी पुजारीण. अण्णांचा धाकटा भाऊ लढवय्या. घरात त्याला तेलुगूत तम्मुडू म्हणतात, आता आम्हीही तेच म्हणतो. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण जादूगार आणि मी चोर. खाली चादरीचे चार जेकार्ड माग आहेत. माग चालू असले की टेबल थरथरतं आणि पडलेला फासा कूस बदलतो, म्हणून अण्णा फासा स्टीलच्या ताटलीत टाकतात. पहिली दोन वर्षं तर वीस बाजूंचा फासाच नव्हता. डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या असायच्या. एक काढायची, वाचायची, परत टाकायची.

नियम ३.५ आवृत्तीचे, २००३ सालचे. त्यांचा गाभा प्रकाशकांनी खुल्या परवान्याखाली मोफत ठेवला आहे. अण्णांनी त्याचे प्रिंट काढून वही शिवून घेतली. त्या मोफत गाभ्यातून दोन गोष्टी गाळल्या आहेत: पात्र मुळात कसं घडवायचं आणि अनुभवाचे गुण कसे वाटायचे. ही रिकामी जागा अण्णांनी स्वतःच्या नियमानं भरली. मोहीम पुरी झाली की सगळ्यांना सारखे गुण. किती मारले याचा हिशोब नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

आता तम्मुडू बंगळूरला, मैत्रीण पुण्याला. दिवाळीनंतर टेबल भरलेलं नाही. मोहीम अर्धी राहिली आहे आणि ती ऑनलाइन न्यायची असं सगळ्यांच्या मनात आहे. कुठे न्यायची, एवढंच ठरायचंय. ‘टेबलाला इमानदार’ म्हणवणारे खेळ बरेच आहेत. ते इमान नेमकं कशाशी आहे, हे मला बघायचंय.

१२ जानेवारी, रविवार

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी दोघंही घरी आले आहेत. होम मैदानावरून धूळ घेऊन सगळे थेट माडीवर. चार तास खेळलो. आज मी चोर कमी आणि कारकून जास्त होते: अण्णांना विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत टिपला.

किल्ला अण्णांनी आपल्या भुईकोटावरून घेतलाय. दुहेरी तट, एका बाजूला तलाव. आम्हाला आतल्या तटात जायचंय. दिंडी दरवाजावर एकच पहारेकरी, गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस. माझा डाव सरळ होता: अंधारातून मागे जायचं, किल्ली काढायची. फासा टाकला, ४ पडले. गॉब्लिन भाला रोखून उभा. तम्मुडूनं तलवारीला हात घातला, मैत्रीण निद्रामंत्र काढते म्हणाली. तिच्याकडे त्या दिवसाचा तो एकच उरला होता आणि आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “अहो, हा पहारेकरी जेवलाय का?”

अण्णा थांबले. त्यांच्या कागदावर हे नव्हतं. त्यांनी वहिनींकडे बघितलं, मग ताटलीत फासा टाकला, तो आम्हाला दाखवला नाही, आणि म्हणाले, “नाही. दोन दिवस झाले. बदलीचा माणूस आलाच नाही.”

मग पुढचा पाऊण तास त्या गॉब्लिनचा. वहिनींनी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. पात्राच्या पिशवीतून आणि खरोखरच्या पिशवीतूनही, कारण आम्हालाही भूक लागली होती. गॉब्लिननं आधी विष आहे का म्हणून वास घेतला. मग बदलीचा माणूस का आला नाही ते सांगितलं. आतल्या तटात आजार पसरलाय. ही गोष्ट अण्णांना स्वतःलाही पंधरा मिनिटांपूर्वी माहीत नव्हती. दिंडी उघडली. निद्रामंत्र शिल्लक राहिला.

नंतर अण्णांसोबत वही तपासली. एकूण ३१ प्रश्न. त्यातल्या ९ प्रश्नांची उत्तरं त्यांनी आधी तयार केलेली नव्हती. आज आम्हाला जे जे आठवत राहणार आहे ते त्या नवांतच आहे.

१९ जानेवारी, रविवार

दोघंही परतले. आज वाचनाचा दिवस.

या खेळाचं मूळ म्हणून सगळे १९७४ सांगतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डब्यातून विकलेल्या तीन पुस्तिका, पहिली छपाई १,००० प्रतींची. पण त्या पुस्तिकांच्या आधीची एक कडी मला जास्त कामाची वाटते. १९६९च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेसली नावाच्या माणसानं मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा खेळ मांडला. गावाचं नाव ब्राउनश्टाइन. एरवी अशा खेळात खेळाडू म्हणजे सेनापती, हाताखाली पलटणी. इथे त्यानं काही जणांना गावातल्या एकेका माणसाची भूमिका दिली. खेळाडू कोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागले, त्याच्याकडे येऊन भलतंसलतं विचारू लागले. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाला बोलावलं. द्वंद्वाचे नियम वेसलीकडे नव्हतेच. त्यानं जागच्या जागी ठरवून टाकलं. खेळ फसला, असंच त्याला रात्री वाटलं. खेळणारे मात्र पुन्हा कधी म्हणून मागे लागले. त्या खेळणाऱ्यांत आर्नेसन होते.

आणि वेसलीला पंचाची ही कल्पना मिळाली ती चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याच्या १८८०च्या ‘स्ट्रॅटेगॉस’ या युद्धखेळाच्या पुस्तकातून. खेळाडू काहीही करून बघू शकतो, ते साधलं की नाही ते पंच ठरवेल.

म्हणजे फासे, वर्ग, लेव्हल, शस्त्रांचे तक्ते हे सगळं नंतरचं. आधी होता तो एक माणूस, ज्याला न ठरवलेलं काहीतरी विचारलं गेलं आणि ज्यानं उत्तर दिलं.

माझी चाचणी ठरली. प्रत्येक खेळात पहिल्या पहारेकऱ्यापाशी जायचं आणि बघायचं: तो जेवलाय का, हे विचारता येतं का.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला खेळ: ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’. २००६चा, आमच्याच ३.५ नियमांवर बांधलेला, त्यामुळे तुलना सोपी. जग एबेरॉन, शहर स्टॉर्मरीच. पार्टी, म्हणजे एकत्र खेळणारी टोळी, सहा जणांपर्यंत. आणि अण्णाही खेळाडू! सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं पात्र बनवलं, एक भाट. बनवायला सगळ्यांत जास्त वेळ त्यांनीच लावला.

डाउनलोड रात्रभर. सकाळी नळाला पाणी यायचा दिवस, त्यामुळे वहिनी एका कानाला हेडफोन आणि एका हातात पाइप घेऊन.

५ फेब्रुवारी, बुधवार

वीज गेली. काम नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

खेळातल्या कोर्थॉस बेटावर तीन तास.

टेबलाची ओळख लगेच पटते. बळ, चपळाई वगैरे सहा गुण तेच. वीस बाजूंचा फासा पडद्यावर फिरताना दिसतो. १ पडला की वार हुकलाच, २० पडला की जबर वाराची संधी. पात्राचं आयुष्य (हिट पॉइंट) शून्याखाली गेलं की माणूस बेशुद्ध पडतो आणि उणे १० ला मरतो, हे तर शब्दशः आमच्या शिवलेल्या वहीतलं. तम्मुडू उणे ६ वर पडला आणि वहिनी धावल्या, तेव्हा फोनवर आम्ही सगळे माडीवर ओरडतो तसेच ओरडलो.

एका गोष्टीनं मात्र मी थक्क झाले. या खेळातल्या मोहिमांत राक्षस मारल्याचे सुटे गुण नाहीत. गुण मोहीम पुरी केल्याचे, आणि सगळ्या पार्टीला. वर थोडी भर मिळते, ती सापळे निकामी केल्याबद्दल, चोरदारं शोधल्याबद्दल, खूप मारल्याबद्दल आणि अगदी कमी मारल्याबद्दलसुद्धा. अण्णा म्हणाले, “हा माझा नियम आहे!” तो त्यांचा नाही, पण दोन ठिकाणी दोन माणसांना एकच गोष्ट बरोबर वाटली, याचा त्यांना झालेला आनंद मला नोंदवायचाय. ऑनलाइन खेळांत तासन्‌तास एकाच जागी उभं राहून डुकरं मारायची पद्धत सर्रास आहे. ती इथल्या मोहिमांत चालत नाही. हे इमान खरं आहे आणि ते नियमांच्या आकड्यांपेक्षा खोलवर आहे.

गावाच्या वेशीपाशी पहारेकरी आहे. त्याच्याकडे सांगायला आहे, ऐकायला नाही. चाचणी: नापास.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सापळे. हा माझा प्रांत, त्यामुळे जरा सविस्तर.

टेबलावर सापळा म्हणजे अण्णांचं एक वाक्य आणि माझा एक फासा. इथे बोळ आहे, जमिनीतून आणि भिंतीतून पाती येतात-जातात, आणि कुठेतरी भिंतीत लपलेली एक पेटी आहे. ती शोधायची, अवजारं वापरायची, फासा पडतो. थोडक्यात हुकलं तर पुन्हा प्रयत्न करता येतो. फारच हुकलं तर पेटी उडते आणि मग तो सापळा कुणालाच बंद करता येत नाही. टेबलावरही असंच आहे: पाच किंवा जास्तनं हुकलं की सापळा अंगावर येतो. भीती तीच ठेवली आहे, रूप बदललं आहे.

माझी पेटी उडाली. आता पाती चालूच राहणार. तम्मुडूनं पात्यांची लय मोजली आणि एकेकाला “आता!” म्हणून हाक देत बोळ पार करवला. वहिनी तिसऱ्या खेपेला पोचल्या. त्या दहा मिनिटांत फोनवर श्वासांशिवाय आवाज नव्हता. हे टेबलावर कधीच झालं नसतं. माझ्या पात्राची उडी आकड्यातून उतरून बोटांत आली होती: उडीचं कौशल्य वाढवलं की पात्र खरोखर उंच उडतं. टेबलाशी तुलना करताना फक्त काय गेलं याचीच यादी करायची, हे अन्यायाचं होईल. इथे शरीर आलं आहे.

आता गेलेल्याबद्दल. जादूगार टेबलावर सकाळीच ठरवते की आज कोणते मंत्र, किती वेळा. एकदा म्हटला की संपला. इथेही मंत्र आधी निवडावे लागतात, पण खर्च होतो तो एका सामायिक गंगाजळीतून, म्हणून एकच मंत्र दहा वेळा सोडता येतो. मैत्रीण खूश होती. मग तीच म्हणाली, “पण त्या दिवशी माझ्याकडे एकच निद्रामंत्र होता म्हणून वहिनींना विचारावंसं वाटलं ना?” मला हे सुचलं नव्हतं. टंचाईमुळे माणूस बोलायला लागतो. हात भरलेला असला की तो आधी हातच चालवतो. धावत्या लढाईत दिवसाला तीन मंत्रांवर कुणी रमणार नाही, हे समजतं. पण याची किंमत मंत्रांच्या पानावर लिहिलेली नाही, ती वेशीवरच्या पहारेकऱ्यापाशी मोजावी लागते.

सगळ्यांत जास्त लागलं ते वहिनींना. त्यांनी आपल्या पुजारणीला ‘डिप्लोमसी’, म्हणजे समजूत घालायचं कौशल्य, भरभरून दिलं होतं. टेबलावर तेच त्यांचं शस्त्र. संवादात क्वचित एखादं उत्तर त्यानं उघडतं, हे खरं. पण लढाईत ते बटण दाबलं की शत्रू आपल्याला सोडून दुसऱ्याच्या अंगावर जातो, एवढाच त्याचा अर्थ. वहिनींनी समोरच्याला समजवायचं म्हणून दाबलं आणि तो अण्णांच्या भाटावर तुटून पडला. “मी याला काय बोलले, ते तरी दाखवा,” असं त्या म्हणत राहिल्या. शब्द तोच ठेवला आणि आतला माणूस काढून घेतला. मला हे नियम बदलण्यापेक्षा मोठं अंतर वाटतं. मंत्रांचा नियम बदलला तो उघड बदलला. इथे नावाखाली दुसरंच काही आहे.

आज “असं करता येईल का?” हा प्रश्न आमच्यात १४ वेळा निघाला. दोनदा करून बघता आलं. बाराच्या बारा वेळा आम्ही सवयीनं अण्णांकडे वळलो आणि अण्णा म्हणाले, “मला काय माहीत, मी पण तुमच्यातलाच.” हे म्हणताना ते आनंदात होते. दारामागे काय आहे ते माहीत नसणं त्यांना नवीन आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

मैत्रिणीचं ऑफिसचं काम. चौघांनी दोन लहान मोहिमा. लेव्हल वाढवतोय, कारण मला एका ठरावीक जागी जायचंय.

२ मार्च, रविवार

पोचलो. डेलेराची कबर.

या खेळात प्रत्येक मोहिमेत डीएमचा आवाज असतो. दार उघडलं की तो वर्णन करतो, वास सांगतो, धोका सुचवतो. डेलेराच्या मोहिमांत तो आवाज खुद्द गायगॅक्स यांचा आहे. थ्रेनलच्या अवशेषांतल्या मोहिमांना आर्नेसन यांचा. गायगॅक्स ४ मार्च २००८ला गेले, आर्नेसन ७ एप्रिल २००९ला. खेळात दोघांचीही स्मारकं आहेत. गायगॅक्स यांचं इथेच, डेलेराच्या स्मशानात.

मी कुणाला आधी सांगितलं नव्हतं. आवाज सुरू झाला, म्हातारा, सावकाश, गोष्ट सांगणाऱ्याचा. मोहीम संपल्यावर सांगितलं तो कोण. तम्मुडू पुन्हा आत गेला, फक्त ऐकायला. अण्णांनी भाटाला स्मारकासमोर उभं केलं आणि बराच वेळ हलवलं नाही. हा खेळ घडवणाऱ्यांपैकी एकाच्या आवाजात, त्याच्या नियमांतून वाढलेल्या नियमांवर, सोलापूर, पुणे आणि बंगळूरमधून पाच माणसं एकत्र एका कबरीत उतरली. मुळाशी इमान म्हणायचं तर याहून जास्त काय असणार, असं त्या क्षणी मलाही वाटलं.

रात्री वहिनींचा फोन. त्या म्हणाल्या, “आवाज किती छान आहे गं. पण मी दोनदा थांबवून विचारलं, तो बोलतच राहिला.”

तिथे माझं सगळं एका जागी आलं. तो बोलतो, ऐकत नाही. आवाज नेता आला, कान नेता आले नाहीत. माडीवरच्या अण्णांचं वर्णन काही फार भारी नसतं. ‘अंधार आहे, ओल आहे’ एवढ्यावर भागवतात. अण्णा डीएम आहेत ते त्यांना विचारता येतं म्हणून.

अण्णांशीही बोलले. ते कारखान्यात जेकार्डची नक्षी काढतात, त्यामुळे त्यांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. “नक्षी पत्त्यांत भोकं पाडून आधीच ठरवलेली असते. पत्ते पाडणाऱ्याची कमाल असते, चादर सुरेख येते. पण माग सुरू झाल्यावर इथे मोर हवा होता असं कुणी म्हणालं, तर मागाला ते कळत नाही. त्यात मागाचा काय दोष?” दोष मीही देत नाही. हजारो माणसं रात्री-बेरात्री खेळतात, प्रत्येक पार्टीला एक अण्णा कुठून आणायचे?

९ मार्च, रविवार

मैत्रिणीचा आग्रह: २०२३चा ‘बाल्डर्स गेट ३’. तिच्याकडे आहे, तिनं स्क्रीन दाखवत खेळून दाखवला. नियम पाचव्या आवृत्तीवरचे, लढाई पाळीपाळीनं, त्यामुळे टेबलासारखा विचार करायला वेळ मिळतो. फासा पडद्याच्या मध्यभागी घरंगळतो आणि सगळे श्वास रोखतात. पेट्या रचून भिंत चढता येते, मेलेल्याशी बोलता येतं, जनावरांशी बोलता येतं. पत्ते पाडणाऱ्यांनी अफाट पत्ते पाडलेत. मला सुचतील त्यातले निम्मे प्रश्न त्यांना आधीच सुचले होते. उपाशी पहारेकरी मात्र नव्हता.

पण निकाल दुसऱ्याच गोष्टीवर लागला. एकत्र खेळायची मर्यादा चार जणांची. आम्ही चौघं बरोबर बसतो. तम्मुडू म्हणाला, “परफेक्ट, चार!” मग सगळेच गप्प झाले. अण्णा म्हणाले, खेळा की, मी बघत बसतो. ते मनापासून म्हणाले. मला ते चालणार नाही. ज्या पंगतीत वाढणाऱ्यालाच पान नाही, तिथे आमची मोहीम जाणार नाही.

१५ मार्च, शनिवार

तिसरा आणि शेवटचा: ‘नेव्हरविंटर नाइट्स’. हेच नाव १९९१च्या एका ऑनलाइन खेळाचंही होतं. मी म्हणतेय तो २००२चा, बायोवेअरचा. २०१८ला त्याची सुधारित आवृत्ती आली, म्हणून आजच्या संगणकावर चालतो. नियम तिसऱ्या आवृत्तीचे, ३.५च्या जरा आधीचे. चित्रं जुनी, तम्मुडूनं नाक मुरडलं.

पण त्यात दोन गोष्टी आहेत. एक, ऑरोरा नावाचं साधन, ज्यानं आपली मोहीम आपण बांधू शकतो. दोन, डीएमसाठी वेगळं प्रवेशद्वार. डीएम अदृश्य राहून खेळात फिरतो, हवा तो राक्षस हवा तिथे उभा करतो, वस्तू देतो, आणि कुठल्याही पात्राच्या अंगात शिरून त्याच्या तोंडून बोलतो.

अंगात येणं! वहिनींना ही कल्पना एका वाक्यात समजली.

१८ मार्च, मंगळवार

किल्ला बांधतेय. जागा चौकटींनी भरायची. एक चौकट दहा मीटरची, एका भागात जास्तीत जास्त ३२ गुणिले ३२. दुहेरी तट जमला. तलाव मनासारखा होत नाही, काठ फार सरळ येतो. भाकरी म्हणून एका तयार वस्तूचं चित्र वापरलं. देवनागरीत नाव दिलं तर प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहावं लागलं. याचं वाईट वाटलं.

२० मार्च, गुरुवार

आज मी चुकले, आणि ती चूक इथे नीट लिहिणं भाग आहे.

दिंडीवरच्या गॉब्लिनचा संवाद लिहीत होते. साधनात संवादाचं झाड असतं: त्यानं हे म्हटलं तर खेळाडूला हे तीन पर्याय. मी अभिमानानं तिसरा पर्याय घातला: “तू जेवलायस का?” तो निवडला आणि भाकरी जवळ असली की दार उघडतं. छोटी स्क्रिप्ट लिहिली, चालवून बघितली. दार उघडलं. मी टाळी वाजवली आणि अण्णांना दाखवायला गेले.

अण्णांनी तीनदा खेळून बघितलं. मग म्हणाले, “हे काढ.”

मला राग आला. दोन रात्रींचं काम होतं. ते म्हणाले, “आता प्रश्न तिच्या तोंडात तूच घातलास. ती वाचेल आणि दाबेल. त्या दिवशी तिला कुणी पर्याय दिला नव्हता.”

मी घरी येऊन जेवले नाही, आणि मग काढलं. पूर्ण झाड काढलं. आता तो गॉब्लिन मुका आहे. अण्णा अंगात आले तर बोलेल, नाहीतर नुसता उभा राहील. दोन महिने मी दुसऱ्यांच्या खेळात जी उणीव मोजत होते, तीच बांधायला बसल्यावर पहिल्या संधीला माझ्या हातून झाली. बांधणाऱ्याला खेळाडूची काळजी असते म्हणूनच ती होते. डेलेराची कबर बांधणाऱ्यांनाही असणार.

२३ मार्च, रविवार

चाचणी खेळ, मी आणि तम्मुडू. वाईट झाला. अण्णा एका वेळी एकाच पात्राच्या अंगात शिरू शकतात. मी दिंडीवर बोलत असताना तम्मुडू आतल्या चौकीत शिरला आणि तिथले शिपाई त्याला न विचारता कापू लागले. अण्णा टायपिंगमध्ये संथ. आमचे चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे कोण कंटाळलंय, कुणाच्या मनात काहीतरी शिजतंय, हे त्यांना कळेना. माडीवर ते वहिनींच्या भुवईवरून ओळखतात.

ठरवलेले बदल: शिपाई निम्मे केले. उरलेल्यांना समोरच्यावर आपणहून धावून न जाणारे केले. टायपिंग बंद, बोलणं फोनवर, कॅमेरे चालू. लढाईच्या ओळीत फासे दिसतात, ते तसेच ठेवले.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी गुढी, दुपारी ऊन इतकं की माडीवरचा पत्रा वाजत होता. दोघांनाही सोलापूरला यायला जमलं नाही. अण्णा-वहिनी माडीवर एकाच खोलीत, पण वहिनी हट्टानं पाठ करून बसल्या, अण्णांचा पडदा दिसू नये म्हणून. मी माझ्या घरी. पाच वाजता सुरुवात.

दिंडी आम्ही जानेवारीतच ओलांडली आहे, तेव्हा गॉब्लिन आता आमच्यासोबत आहे. माझं दोन रात्रींचं झाड तसंही कामाला आलं नसतं. आतल्या तटात आजारी माणसांची रांग, पलीकडे वैद्याचं बंद दार. तम्मुडू दार फोडायला निघाला. मी कुलूप बघते म्हणाले. मैत्रिणीचा निद्रामंत्र अडीच महिने जपलेला.

वहिनींनी पात्र रांगेच्या शेवटी नेलं आणि तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या गॉब्लिनीसमोर उभं केलं. ती मी रांग भरायला ठेवली होती. तिला नावसुद्धा दिलं नव्हतं.

“आजी, तुमच्यासोबत घरचं कुणी आलं नाही का?”

अण्णा काही बोलले नाहीत. पडद्यावर म्हातारी हलली नाही. खेळ फासा आपणहून टाकतो, अण्णांनी काहीच करायची गरज नव्हती. मग हेडफोनमध्ये ताटलीत फासा पडल्याचा आवाज आला, फिरला, थांबला.

सोबतचा गॉब्लिन वळला आणि रांगेच्या शेवटाकडे चालू लागला.

साडेदहाला थांबलो. प्रश्न २४, आधी तयार नसलेले ७. पुढची बैठक १३ एप्रिल. बुधवारी रात्री स्टॉर्मरीच चालू ठेवायचं, अण्णांचा भाट आता सहाव्या लेव्हलला आहे आणि ते सोडायला तयार नाहीत. माझ्याकडे काम: म्हातारीला चेहरा, आणि तलावाचा काठ.